घरचं रक्त

त्या वर्षांत तेल्हाऱ्याकडून अकोल्याच्या दवाखान्यात तरणं माणूस घेऊन कुणी निघालं, की लोकांच्या मनात एकच गोष्ट यायची. आमच्या भागाचं नाव पेपरात यायचं तेही त्याच एका कारणासाठी. एसटीत शेजारी बसलेली बाई माझ्या धाकट्या बहिणीचा पांढराफटक चेहरा बघायची आणि आईच्या कानाशी लागून विचारायची, "घेतलं काय वं काई पोरीनं?" म्हणजे फवारणीचं औषध प्यायली का. आई तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत बसायची. मला मात्र जीभ आवरत नसे. "काही घेतलं नाही. आजारी आहे. साधी आजारी पडायची सोय राहिली नाही का आपल्याकडे?" असं मी एकीला फाडकन बोलले होते. बिचारी उतरताना बहिणीच्या हातात दोन केळी देऊन गेली.

आमचं गाव हिवरखेडजवळचं. बाबांची पिठाची चक्की होती आणि थोडं काळ्या मातीचं वावर होतं, ते दादा करायचा. आम्ही तिघं. दादा थोरला, मी मधली, लग्न होऊन अमरावतीला गेलेली, तिथेच शाळेत शिकवणारी. आणि ही धाकटी. घरातली पहिलीच पोर जी शेती शिकायला म्हणून अकोल्याला कॉलेजात गेली. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या जे करत आलो ते पुस्तकातून शिकायला जावं लागतं, याचं दादाला भारी हसू यायचं. ती सुट्टीत घरी आली की वावरात जाऊन त्याच्या चुका काढायची. पंप चुकीचा धरतोस, वाऱ्याच्या तोंडाला फवारतोस, तोंडाला फडकं का नाही. दादा म्हणायचा, "बरोबर हाये मास्तरीन. वावर मी करतो, मार्क तू घेते."

पहिल्यांदा तिच्या पिंढऱ्यांवर काळे-निळे डाग दिसले, तेव्हा दादानंच चेष्टा केली होती, की होस्टेलातल्या पोरींशी मारामाऱ्या करत असशील. मग दात घासताना रक्त यायला लागलं. मग जिना चढून आली की ती पायरीवर बसायची. गावातल्या डॉक्टरानं रक्त कमी आहे म्हणून लाल टॉनिक दिलं. आईनं बीट, गूळ-शेंगदाणे, डाळिंब यांचा असा मारा केला की बीट बघितलं तरी पोरीला उलटी यायची. अकोल्याच्या डॉक्टरांनी शेवटी तिच्या कमरेच्या हाडात सुई घालून तपासणी केली आणि सांगितलं, की रक्त हाडांच्या आत तयार होतं आणि हिच्या हाडांनी ते काम सोडून दिलंय. लाल पेशी नाहीत, पांढऱ्या नाहीत, रक्त थांबवणाऱ्या नाहीत. फार क्वचित होणारा आजार आहे. का झाला ते सांगता येत नाही.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे चक्कीच बंद पडली म्हना."

डॉक्टर म्हणाले, "हो. आणि ती सुरू होईपर्यंत पीठ बाहेरून आणावं लागेल." म्हणजे रक्त चढवावं लागेल. माणूस भला होता. पण त्यांनी ज्या घराला हे सांगितलं, ते घर कसं आहे याची त्यांना कल्पना नव्हती.

आमच्या घरात कुणाचं काही घ्यायचं नाही, हा बाबांचा दंडक होता. विरजण संपलं तर आई दुधात मिरचीची देठं टाकून दही लावायची, पण शेजारून चमचाभर दही आणायची नाही. लग्नाकार्यात दुसऱ्याची सतरंजीसुद्धा आमच्या अंगणात आली नाही. द्यायला मात्र बाबांचा हात सैल. दळायला आलेल्या बाईनं पैसे विसरले म्हटलं, तर ते मान हलवायचे आणि स्वतःच विसरून जायचे. देणारा मोठा, घेणारा लहान, एवढा साधा हिशोब होता त्यांचा. त्यात मानीपणा किती आणि जातीचा ताठा किती, हे मला कधी नीट निवडता आलं नाही. दोन्ही होतं, खोटं कशाला बोलू.

रक्तपेढीच्या दारात उभे राहून ते म्हणाले, "घरचं रगत असतानी दुसऱ्याचं कावून घ्यायचं? कोनाचं, कसलं, काय मालूम. आपल्या पोरीले आपलंच चढन."

आणि चढलं. पहिली बाटली दादाची. त्याचा आणि तिचा गट एक निघाला तेव्हा घरात केवढा आनंद झाला! मग काका, मग चुलतभाऊ, मग आत्याचा मुलगा. जीप भरून माणसं यायची, लग्नाला यावीत तशी, धुतलेले कपडे घालून. ओळखीपाळखीनं, विनवण्या करून, घरच्यांची बाटली घरच्याच पोरीला मिळेल अशी व्यवस्था बाबांनी करून घेतली होती. माझा गट वेगळा. मी अमरावतीहून धावत आले होते, बाही वर करून बसले होते आणि मला उठवलं. त्या दिवशी बाहेरच्या बाकड्यावर बसून मी रडले. इतकी माणसं तिला काहीतरी देत होती आणि सख्खी बहीण असून माझ्याकडे तिच्या उपयोगाचं काही नव्हतं.

दादाचं रक्त चढत असलं की तो तिच्या खाटेशी बसायचा आणि तिला हैराण करायचा. "आता तू बी माह्यासारकी दुपारची घोरशील पाह्य. गनितात नापास होशील. भाकरी चार खाशील."

ती म्हणायची, "आन तू? मले देऊन देऊन तू हुशार होशील काय? तसं काई दिसत नाई."

तीन-चार दिवस तिच्या गालांवर रंग यायचा. दादा तो रंग असा बघायचा की जणू त्यानं स्वतः हातानं लावलाय. ज्या दिवशी आधीचं रक्त देऊन तीन महिने झाले नाहीत म्हणून त्याला रक्तपेढीतून परत पाठवलं, त्या दिवशी तो तिथल्या माणसाशी भांडून आला.

आमच्या चक्कीसमोर एक पिंजारी चाचा राहायचा. गाद्या भरायचा, रजया शिवायचा. त्याच्या अंगाखांद्यावर कायम कापूस उडालेला असायचा. धाकटी लहान असताना त्याच्या कापसाच्या ढिगात उड्या मारायची आणि तो नुसता हसायचा. तो एकदा आपल्या दोन्ही मुलांना घेऊन चक्कीवर आला. तिघांनीही आंघोळी करून इस्त्रीचे कपडे घातले होते.

"भाऊ," तो म्हणाला, "अपनी बच्ची हय. मेरे दोनो लडकोंका गट वहीच हय, जाँच करके आये. कब चलना, बोलो."

बाबांनी त्यांना बसवलं, चहा पाजला, खारी मागवली. आणि म्हणाले, "तुमाले कायले तरास, भाई. घरचे हाओत ना आमी."

चाचानं कप खाली ठेवला. "ठीक हय, भाऊ. जरूरत पडी तो आवाज देना." मुलं बापाकडे बघत उठली. मी तेव्हा ओसरीवर होते. मला वाईट वाटलं ते चाचासाठी. आपण त्यात काही गमावतोय असं माझ्या मनातही आलं नाही. कुणाच्याच आलं नाही.

महिने गेले. गोळ्या झाल्या, महागडी इंजेक्शनं झाली, चक्की काही सुरू होईना. पैसे कसे उभे केले ते सांगत बसत नाही. ते ज्याच्या घरात झालंय त्याला ठाऊक आहे, आणि ज्याच्या घरात झालं नाही त्याला सांगून कळत नाही. शेवटी अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, की नागपूरला जा. भावा-बहिणीपैकी कुणाशी जुळलं, तर त्याच्या हाडातल्या मूळ पेशी काढून हिच्या अंगात घालतात. त्या रुजल्या तर पोरगी बरी होते. पूर्ण बरी.

पूर्ण बरी! हे शब्द वर्षभर कुणी उच्चारले नव्हते.

माझी आणि दादाची तपासणी झाली. माझं जुळलं नाही. इथेही नाही. दादाचं जुळलं, सगळंच्या सगळं. सख्ख्या भावंडांतही असं जुळायची शक्यता चारात एक असते म्हणे. दादा गावभर सांगत सुटला. पोळ्याला बैल सजवून मिरवतात तसा तो स्वतःच मिरवला.

बाबांना मात्र ही गोष्ट पटेना. एकाच्या अंगातलं काढून दुसऱ्याच्या अंगात रुजतं कसं? तेव्हा तिनं समजावलं. आमच्या अकोट-तेल्हाऱ्याच्या पट्ट्यात संत्र्याच्या बागा आहेत, बाबांना कलम ठाऊक होतं. ती खाटेवर उशीला टेकून म्हणाली, "जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात का नाई, बाबा? खुंट जंबेरीचा, पन पुढं फुटते ते संत्रं. तसंच हाये हे. मी जंबेरी. दादा संत्रा."

"आंबट हायेच तू," दादा म्हणाला.

बाबांना एकदम कळलं. तेव्हापासून घरात त्या सगळ्या प्रकाराला 'डोळा बांधणं' असंच म्हणायला लागले.

नागपूरच्या डॉक्टर मॅडम पन्नाशीच्या होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांच्या खोलीत आम्ही चौघं बसलो होतो: बाबा, दादा, धाकटी आणि मी. आई गावी होती. मॅडमनी सगळे कागद बघितले, तिची नाडी बघितली, कॉलेजची चौकशी केली. मग विचारलं, "आतापर्यंत हिला रक्त कुणाचं दिलंय?"

बाबा खुर्चीत सरळ झाले. टोपी नीट केली. हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून ते वर्षभर थांबले असावेत.

"बाहेरचा एक थेंब नाई, मॅडम," ते म्हणाले. "सगळं घरचं. हा सख्खा भाऊ हाये, यानंच सगळ्यात जास्त देल्लं. मंग माहा भाऊ, पुतने, भाचा. आमी दुसऱ्याच्या दारात गेलो नाई."

दादानं मान डोलावली. त्याच्या तोंडावर लाजल्यासारखं हसू होतं. शाळेत बक्षिसासाठी नाव पुकारलं की मुलांच्या तोंडावर येतं तसं.

मॅडमनी चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला. मग त्यांनी फार सावकाश, एकेक शब्द मोजून सांगितलं. हिला बाहेरच्या, अनोळखी माणसांचं रक्त द्यायला हवं होतं. घरच्यांचं मुळीच नको होतं, आणि भावाचं तर नकोच नको. प्रत्येक बाटलीबरोबर हिच्या शरीरानं भावाच्या पेशी बघितल्या. ह्या आपल्या नाहीत, एवढं ते शिकलं. पुन्हा पुन्हा बघून पक्कं शिकलं. आता त्याच भावाच्या मूळ पेशी आत सोडल्या, तर शरीर त्यांना ओळखेल आणि हाकलून देईल, ही भीती आहे.

"पन सख्ख्या भावाचं हाये ना ते," बाबा म्हणाले. आवाज अगदी बारीक होता.

"म्हणूनच," मॅडम म्हणाल्या.

खोलीत पंखा फिरत होता. दादाच्या तोंडावरचं हसू तसंच राहून गेलं होतं, ते काढायचं त्याच्या लक्षात आलं नाही. मला ते बघवेना.

धाकटी पुढे झाली आणि तिनंच विचारलं, "मंग करायचं का नाई, मॅडम?" करायचं, मॅडम म्हणाल्या. दुसरा यापेक्षा चांगला रस्ता नाही. आधी जास्त तीव्र औषधं देऊ, तिच्या शरीराची ती आठवण पुसून टाकायचा प्रयत्न करू. कधी कधी जमतं. मात्र आजपासून घरच्या कुणाचाही थेंबसुद्धा द्यायचा नाही.

बाहेर आल्यावर दादा जिन्याजवळ थांबला. मला म्हणाला, "म्हंजे म्या जे देल्लं..."

"गप बस," मी म्हणाले. मी त्याच्यावर इतक्या जोरात ओरडले की वॉर्डबॉयनं वळून पाहिलं. वाक्य पुरं झालं असतं तर ते आम्हाला जन्मभर घरात सांभाळावं लागलं असतं. ते अर्धंच राहिलं, तरी सांभाळावं लागलं, ती गोष्ट वेगळी.

मला राग कुणावर करावा ते कळत नव्हतं. अकोल्याच्या डॉक्टरांवर केला, की त्यांनी तेव्हाच का नाही अडवलं. पण ते एकटे, दारात पन्नास रोगी, आणि आमच्या बाबांना अडवणं म्हणजे वाहत्या नाल्याला अडवणं. कदाचित ते बोललेही असतील, आणि बाबांनी टोपी सारखी करून ऐकलं नसेल. बाबांवर रागवावं तर त्या माणसाकडे बघवत नव्हतं. आणि दादाचा काय दोष? त्यानं आपलं माणूस म्हणून दंड पुढे केला. जगात माणसं भावाच्या रक्तासाठी तरसतात, आणि आमच्याकडे ते जास्तीचं झालं.

धाकटी मात्र त्या दिवशी बाबांना म्हणाली, "बाबा, त्या रगतानंच मी नागपूरपर्यंत आली. नाई तं अकोल्यातच सरली असती." तेही खरं होतं. पण बाबांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे.

आता रक्त बाहेरचं लागणार होतं, आणि भरपूर लागणार होतं. दुसऱ्या दिवशी बाबांनी स्वतः चाचाला फोन लावला. मी शेजारी उभी होते. "भाई, पोरांले पाठवता काय?" एवढंच ते बोलले आणि फोन माझ्या हातात दिला. पलीकडून चाचा म्हणत होता, "निकले, समझो." त्याची दोन्ही मुलं संध्याकाळच्या आत अकोल्याहून गाडी धरून नागपूरला पोचली. अमरावतीहून माझ्या शाळेतल्या शिक्षकांची मुलं आली, त्यांचे कॉलेजातले मित्र आले. ज्यांचं नावगाव आम्हाला ठाऊक नाही अशी पोरं आली. बाबा रक्तपेढीच्या दारात उभे राहायचे आणि येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडायचे. विशीच्या पोराला साठीचा माणूस वाकून हात जोडतोय म्हटल्यावर ती पोरं अवघडून जायची. "काका, असं नका करू," म्हणायची. बाबा करतच राहिले. चाचाच्या धाकट्या मुलाला त्यांनी हात जोडले, तेव्हा त्यानं ते दोन्ही हात धरून खाली केले आणि रक्तपेढीत गेला.

दादाला भूल देऊन त्याच्या कमरेच्या हाडातून पेशी काढल्या. शुद्धीवर आल्यावर तो पालथा पडून कण्हत होता आणि नर्सला विचारत होता, "पुरलं काय? अजून लागन तं घ्या." लाल रंगाची एक पिशवी काचेपलीकडे तिच्या खाटेशी टांगली गेली. आम्हाला वाटलं होतं, काहीतरी मोठं ऑपरेशन असेल. ते तर साधं रक्त चढवल्यासारखंच होतं. ती फोनवर म्हणाली, "इतकंच? मले वाटलं दादाले माह्यात कोंबतील."

मग वाट बघणं. तिचे केस गेले, तोंड आतून सोलवटलं, ताप आला, उतरला. बाबा रोज एकच विचारायचे, "डोळा धरला काय?" आणि एक दिवस मॅडम काचेच्या दाराबाहेर आल्या आणि म्हणाल्या, की पांढऱ्या पेशी दिसायला लागल्या आहेत. दादाच्या पेशी आहेत. दादा मटकन खालीच बसला. तो हसत होता का रडत होता ते त्यालाही माहीत नव्हतं. बाबांनी गावी फोन करून चक्कीवर पेढे वाटायला सांगितले. पहिला पुडा चाचाच्या घरी गेला.

त्यानंतरचे काही आठवडे आमच्या वाट्याला आले, ते मी कुणाला देणार नाही. हॉस्पिटलजवळ एक खोली भाड्यानं घेतली होती. आई आली होती, स्टोव्हवर पिठलं करायची. धाकटी तोंडाला मास्क लावून खिडकीत बसायची. डोक्यावर नुकते केस फुटत होते, त्यावरून दादा हात फिरवायचा आणि म्हणायचा, "पाह्य, माह्यासारकेच येऊन राहिले, राठ." यंदा वावरात काय पेरणार, कपाशी नको, तूर लाव, हरभरा लाव, असं ती त्याला बजावायची. परीक्षेला कधी बसता येईल, ते तिनं मॅडमना दोनदा विचारलं. आईनं तिच्या लग्नाचा विषयसुद्धा काढला होता, आणि ती चिडली होती. चिडायला अंगात जोर आला म्हणून आम्ही सगळे खूश झालो.

आंघोळ घालताना आईला तिच्या दंडावर एक निळा डाग दिसला. आई टॉवेल तसाच हातात धरून बाहेर आली आणि माझ्याकडे बघत राहिली. मला कळलं.

तपासणीत दादाच्या पेशी जवळजवळ उरल्याच नव्हत्या. रुजलेलं कलम तिच्या अंगानं बाहेर टाकलं होतं. दादानं मॅडमना सरळच विचारलं, "मी आंधी रगत देल्लं म्हनून झालं ना हे?"

मॅडम म्हणाल्या, "त्यामुळेच झालं असं मी म्हणू शकत नाही. ज्यांनी कधी घरचं रक्त घेतलं नाही, त्यांच्यातही असं होतं." दादा त्यांच्याकडे बघत राहिला. तेव्हा त्या पुढे म्हणाल्या, "त्यामुळे झालं नाही, असंही मला म्हणता येत नाही." त्या खोटं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला त्या क्षणी वाटलं. अजूनही कधी कधी वाटतं.

एक रस्ता उरला होता. दुसऱ्यांदा करून बघायचं, लगेच, आणि या वेळी जास्त पेशी द्यायच्या. त्यासाठी दादाला आधी काही दिवस इंजेक्शनं घ्यायची होती. त्या इंजेक्शनांनी हाडं जोरात कामाला लागतात, पेशींनी भरून जातात, त्या हाडांतून रक्तात उतरतात, आणि मग यंत्रानं त्या वेगळ्या काढून घेता येतात. हाडं भरून येतात म्हणून ठणकतातही. दादाची कंबर, मांड्या, छातीचं हाड, सगळं ठणकायला लागलं. तो भिंत धरून चालायचा. विचारलं की म्हणायचा, "चांगलं हाये ते. माल तयार होऊन राहिला."

पण तिला फुप्फुसात बुरशीचा संसर्ग झाला होता, आणि तो औषधांना दाद देत नव्हता. तिला पुन्हा काचेपलीकडे ठेवलं. मॅडमनी आम्हाला एकेकाला गाऊन, मास्क चढवून आत जाऊ दिलं. त्यांनी असं जाऊ दिलं, तेव्हाच मी समजायला हवं होतं. दादा आत गेला तेव्हा मी दारातच होते. तिला बोलताना दम लागत होता. ती त्याला म्हणाली, "दादा, तुहं मले टिकवता आलं नाई रे."

ज्याचं अंग जळतंय त्यानं माफी मागायची? आमच्याकडे पोरींना जन्मल्यापासून हेच शिकवतात, की काही सांडलं तर तुझ्या हातून सांडलं. मरणाच्या दारातही ती सवय तिला सोडून गेली नाही. मला तिचा राग आला, आईचा आला, स्वतःचा आला, सगळ्या गावाचा आला.

दादा म्हणाला, "येडी झाली काय? माह्यापाशी गंज हाये, पुरून उरन इतकं. अजून देतो. उद्या-परवा देतो. तू फक्त दम धर."

"धरतो ना मी," ती म्हणाली. आमच्याकडे लाडात आल्या की पोरी असं पोरासारखं बोलतात.

तिनं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दम धरला. आई खाली पाणी भरायला गेली होती, बाबा रक्तपेढीच्या दारात होते. यंत्र पुढच्या सकाळी दादासाठी लागायचं होतं, ते लागलंच नाही.

आम्ही तिला गाडीनं गावी आणलं. अमरावती मागे पडलं, बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला, आणि अकोल्यापुढे ती ज्या रस्त्यानं कॉलेजला जायची तो रस्ता. दादा पूर्ण वेळ तिच्याजवळ गाडीत खाली बसून होता. प्रत्येक खड्ड्याला त्याचा चेहरा वेडावाकडा व्हायचा. आधी मला वाटलं, दुःखानं. मग लक्षात आलं, की त्याची हाडं ठणकत होती. इंजेक्शनं घेतली ती घेतलीच होती. त्यांचा असर कुणाच्या मरणानं थांबत नाही. तिला द्यायचं ते सगळं त्याच्या अंगात तयार होतं, आणखी होत होतं, आणि घेणारी त्याच्या मांडीशी पांढऱ्या कपड्यात होती.

त्यानं खांदा दिला. चालताना तो दोनदा वाकला, चाचाचा मोठा मुलगा पुढे झाला, म्हणाला, "दादा, मैं लेता." दादानं खांदा सोडला नाही. दुसऱ्या बाजूला बाबांनी मात्र आपला खांदा काढून त्या मुलाला दिला आणि त्याच्या मागून चालत राहिले.

घरी आल्यावर दादाला भिंतीला टेकताही येत नव्हतं. मी मॅडमनी दिलेली दुखण्याची गोळी आणि पाणी घेऊन त्याच्याजवळ गेले. त्यानं मान हलवली.

"राहू दे," म्हणाला. "हे तिचं हाये."

तो पुढचे काही दिवस तसाच होता. कुणी आलं की उठायचा, बसायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याशी नीट बोलायचा. त्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. बायका आपसांत म्हणाल्या, की घट्ट काळजाचा आहे. मग एका सकाळी तो वावरात जायला म्हणून निघाला आणि अंगणातच थांबला. त्यानं कमरेवर हात ठेवला, मांडी दाबून बघितली, छातीचं हाड दाबून बघितलं. मी ओट्यावर गहू निवडत होते. तो माझ्याकडे वळला.

"थांबलं वं दुखनं," तो म्हणाला, आणि तिथेच अंगणात बसून मोठमोठ्यानं रडायला लागला.